ऐकवले. समजले.

कम्प्युटरवर सगळ्यात कमी विश्वास असलेला माणूस रायपुरात कोण, असं कोणी विचारलं तर मी आमच्या काकाजींकडे बोट दाखवीन, आणि कम्प्युटरसमोर सगळ्यात जास्त वेळ बसणारा कोण, असं विचारलं तरी बोट हलवणार नाही. सकाळी साडेनऊला ते आमच्या भनपुरीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसचा जिना चढत, आधी चष्मा पुसत, मग कम्प्युटरचा पडदा पुसत, आणि तो उजळला की त्याच्याकडे असे बघत, जसं भाड्याचं घर परत ताब्यात घेताना मालक भिंतींकडे बघतो. काल संध्याकाळी ठेवलेला प्रत्येक कागद उघडून ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवत. "सगळं जागच्या जागी हाय का, पाहून घेतो," ते म्हणत. "हा डब्बा मुका हाय वो बाई. मुक्याचा भरोसा नाही." कागद म्हणजे खरा कागद नव्हेच. आमच्या ऑफिसातून खरा कागद केव्हाच गेला होता. सगळी पत्रं, करार, नियम त्या डब्यात असत आणि वर बसलेले चौघे आणि सदर बाजारच्या ऑफिसातली मॅडम, सगळे मिळून त्यात लिहीत. पण काकाजी त्याला कागदच म्हणत, म्हणून मीही कागद म्हणते.

काकाजी मूळचे वर्धेकडचे, पस्तीस वर्षं रेल्वेच्या ऑफिसात काढलेले. रिटायर झाल्यावर आमच्या मालकांनी त्यांना तपासणीला ठेवलं, म्हणजे बाकीच्यांनी लिहायचं आणि काकाजींनी चुका काढायच्या. मी तिथे चहा करायची, झाडायची, पाणी भरायची. गोंदियाकडच्या खेड्यात चौथीपर्यंत शिकले आणि लग्न होऊन इकडे आले. माणसांसमोर माझ्या तोंडून शब्द निघत नाही. कोणी नाव विचारलं तरी मी आधी पदराकडे बघते, नाव तिथे लिहिलेलं असावं तसं. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे काकाजी जे काही बोलत ते माझ्याशी, आणि मी जे काही बोलत नसे तेही त्यांच्याशीच.

काकाजी काही पुसत नसत. रेल्वेच्या फायलीत लिहिलेलं पुसायचं नसतं, त्यावर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही करायची. हा नियम त्यांनी डब्यालाही लावला. त्यामुळे त्यांनी तपासलेला कागद म्हणजे नुसत्या आडव्या रेघा, आणि प्रत्येक रेघेशेजारी त्यांची दोन अक्षरी सही. मॅनेजर साहेब तरुण, भिलाईचे, हातात सतत दोन फोन. ते एका झटक्यात अर्धं पान निवडून पुसून टाकत आणि तिकडे काकाजी छातीवर हात ठेवून खुर्चीत मागे टेकत. एकदा सदरच्या मॅडम कामासाठी इकडे आल्या होत्या. त्यांनी काकाजींना दाखवलं, की पुसलेलं सगळं डब्यात आत कुठेतरी जपून असतं, कोणी किती वाजता काय पुसलं तेही दिसतं. काकाजींनी दुसरा चहा मागितला, जो ते कधी मागत नसत, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मुका नाही वो हा. सारं ध्यानात ठेवते, फक्त सांगत नाही." आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मला वाटलं चहात साखर कमी पडली.

पण त्यांचा खरा त्रास वेगळा होता. एका कागदात एकाच वेळी अनेकांनी लिहायचं, हे त्यांना सोसत नसे. काकाजी एक ओळ वाचत असत आणि त्याच ओळीत सदरच्या मॅडमचं हिरवं नाव येऊन लुकलुकायला लागे. काकाजी लगेच सदरला फोन लावत. "मॅडम, आप मेरे पैराग्राफ में खड़े हो. बाजू हटिए." मॅडम हसून बाजूला होत, तर खालून मॅनेजर साहेबांचं निळं नाव चढून येई. एका सकाळी एकाच वाक्यावर तिघे चढले, वाक्याचं पार भजं झालं, आणि काकाजी उठून उभे राहिले. "एका लाइनवर दोन गाड्या!" ते ओरडले. "रेल्वेत हे झालं असतं तर आतापर्यंत पेपरात आलं असतं!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी उपाय काढला. पूर्वी एकेरी लाइनवर गार्ड-ड्रायव्हरला स्टेशन मास्तर एक लोखंडी गोळा देत. ज्याच्याकडे गोळा, त्याचीच गाडी पुढे जाणार. गोळा पुढच्या स्टेशनात जमा झाल्याशिवाय दुसरी गाडी सुटायची नाही. ऑफिसात एक काचेचा पेपरवेट होता, आत लाल फूल असलेला. कागद गेल्यापासून तो बेकार बसला होता. काकाजींनी त्याला नोकरी दिली. ज्याच्या टेबलावर गोळा, त्यानंच कागदात शिरायचं. बाकीच्यांनी हात मांडीवर ठेवायचे. आणि गोळा या टेबलावरून त्या टेबलावर न्यायचं काम माझं. कागद डोळ्याची पापणी लवायच्या आत सदर बाजारात पोचत असे, पण मॅडमना त्यात लिहायचं असलं तर गोळा पिशवीत घालून, कंपनीच्या मोटरसायकलवर, सराफ्याच्या गर्दीतून जाई. एकदा तो दुपारभर तिकडेच राहिला, आणि इकडे चार माणसं एका रिकाम्या टेबलाकडे बघत बसली. मॅनेजर साहेब कपाळाला हात लावत. पण मालकांना काकाजींचा फार मान, म्हणून कोणी बोलत नसे. आणि खरं सांगायचं तर मला ते काम आवडे. पदराखाली गोळा धरून मी टेबलांमधून जायची तेव्हा मोठमोठे शिकलेले लोक माझ्या हाताकडे बघत. आयुष्यात माझ्या येण्याची कोणी वाट बघितली असेल, तर त्या गोळ्यामुळे.

आता माझी चूक सांगते. रेल्वेत म्हणे नवीन नियम आला, की लाइनवरच्या माणसांना तो वाचून दाखवत आणि 'ऐकवले, समजले' असं लिहून त्यांचा अंगठा किंवा सही घेत. काकाजींना त्याशिवाय कागद पुरा झाल्यासारखा वाटत नसे. आमच्या गोदामातले हमाल वर यायला तयार नसत, म्हणून त्यांनी मला धरलं. "तुले समजलं म्हणजे कोनालेही समजते," ते म्हणाले. यात माझी स्तुती किती होती हे मी आजवर मोजलेलं नाही. तपासून झालं की ते मला समोरच्या स्टुलावर बसवत आणि आपल्या भारदस्त हिंदीत एकेक नियम वाचत. प्रत्येक नियमानंतर चष्म्यावरून बघून विचारत, "समजलं?"

मी म्हणायची, "हव."

आमच्याकडे हो म्हणायला सगळेच हव म्हणतात. फार सोयीचा शब्द आहे. तोंड पुरतं उघडावं लागत नाही. पहिल्या दिवशी मला पहिला नियम समजला नव्हता. पण एवढा मोठा माणूस, एवढं सुंदर वाचलेलं, आणि खाली दूध उतू जायला आलेलं. हव म्हटलं. काकाजींनी लगेच त्या नियमाखाली टाइप केलं, 'बाईंना ऐकवले. समजले.' एकदा पहिल्याला हव म्हटल्यावर दुसऱ्याला नाही कसं म्हणायचं? मग तिसरा, मग चौथा. दोन वर्षांत मी त्या ऑफिसातल्या एकूण एक कागदाला हव म्हटलं. करारांना म्हटलं, नोटिशींना म्हटलं, इंजिनाच्या तेलाबद्दल तीन पानं होती त्यांना म्हटलं. घरी जाताना ऑटोत बसून मला वाटायचं, चौथी शिकलेली बाई, आणि हिच्या एका शब्दाशिवाय कंपनीचा कागद हलत नाही. शेजारणीला मी सांगितलंसुद्धा, की मी ऑफिसात तपासणीत असते. तेवढं एक वाक्य मात्र माझ्या तोंडून स्वच्छ निघालं.

गोदामाच्या नियमांचा कागद मॅनेजर साहेबांनी लिहिला होता. त्यात सातवा नियम असा होता: 'अनलोडिंग प्रारंभ करने के पूर्व वाहन की स्थिरता सुनिश्चित की जाए.' काकाजींनी तो वाचला, पसंतीची मान हलवली, मला ऐकवला. मी हव म्हटलं. कागद फाटकाजवळ काचेत लागला.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी तांदळाची पोती भरलेला एक ट्रक आमच्या अंगणात उभा राहिला. अंगण फाटकाकडे जरा उतरतं आहे. बिसाहू नावाचा हमाल, गुढियारीचा, वर चढून पोती ओढायला लागला. ट्रक निघाला. अगदी सावकाश निघाला, बैलगाडीसारखा. वर बिसाहू दोन्ही हात पसरून उभा, खाली सगळे ओरडताहेत, आणि ट्रक कोणाला न दुखवता फाटकापर्यंत गेला, फक्त वाटेत माझं चहाचं टेबल होतं. शेगडी, पातेली, बारा ग्लास, गाळणी, सगळं त्याच्याखाली गेलं. गाळणी तर पापडासारखी झाली. मी तिथे का नव्हते? मी वर स्टुलावर बसून दुसऱ्या एका कागदाला हव म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी वर मीटिंग झाली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर नियमांचा कागद लावला होता. बिसाहू दाराशी, पायातल्या चपला हातात घेऊन उभा होता. मी नवीन ग्लासांचा ट्रे घेऊन त्याच्या मागे. मॅनेजर साहेब म्हणाले, "गाड़ी लगी तो चक्के के नीचे लकड़ी क्यों नहीं लगाई? नियम लिखा है, सामने टँगा है."

बिसाहू म्हणाला, "लकड़ी के बात कहाँ लिखे हे साहेब? मैं तो पढ़े रहेंव. समझ नइ आइस."

"समझ नहीं आया?" साहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ये देखो, नीचे क्या लिखा है. 'बाईंना ऐकवले, समजले.' मराठी मैं भी पढ़ लेता हूँ. चाय वाली दीदी चौथी पास हैं, वो समझ गईं. तुम आठवीं तक गए हो. ये सब बहाना है. कल से दूसरा काम देख लो."

बिसाहूने मागे वळून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. ही बाई खरंच हुशार दिसते, अशा नजरेनं. त्याच्या घरी म्हातारी आई आणि दोन मुली आहेत हे मला माहीत होतं. त्या मुली कधी कधी डबा घेऊन येत आणि माझ्या टेबलापाशी बसत.

मी पुष्कळ वाट बघितली, की दुसरं कोणी बोलेल. पण जे बोलायचं होतं ते दुसऱ्या कोणाला माहीतच नव्हतं. शेवटी ट्रेकडे बघत मी म्हटलं, "मले नव्हतं समजलं."

"क्या बोल रही हैं?" साहेबांनी विचारलं.

काकाजी खुर्चीसकट माझ्याकडे वळले. "काय नव्हतं समजलं?"

"सातवा."

"मंग हव काहून म्हटलं?"

"तुम्ही रागवसान म्हणून."

"मी?" काकाजींचा आवाज एवढा चढला, की खाली ट्रकजवळचे लोक वर बघायला लागले. "मी कोनावर रागावतो वो?"

खोलीत सगळे आपापल्या टेबलाकडे बघू लागले. काकाजींनी एकेकाचं तोंड बघितलं, आणि त्यांना ते समजलं. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "सातवाच का अजून काही?"

"पहिल्यापासून," मी म्हटलं. मग खरंच बोलायचं तर पुरतं बोलावं म्हणून सांगितलं, "सगळ्याच कागदांचं." आणि काकाजींना बरं वाटावं म्हणून शेवटी जोडलं, "पाण्याच्या टाकीचा समजला होता."

मला वाटलं आता मलाही दुसरं काम बघायला सांगणार. काकाजी उठले. म्हणाले, "गोळा कुठे हाय?" गोळा खिडकीजवळच्या टेबलावर होता. मी ट्रे बिसाहूच्या हातात दिला, गोळा उचलून आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. एवढ्या गोंधळातही गोळा आल्याशिवाय त्यांनी कागदाला हात लावला नाही. मग भिंतीवर सगळ्यांच्या देखत 'समजले' या शब्दावर एक रेघ आली. खालचं वाचता येत होतं. शेजारी त्यांनी टाइप केलं, 'समजले नव्हते. चूक तपासणाऱ्याची.' आणि सही.

"साहेब," ते हिंदीत म्हणाले, "जो समझा नहीं, उसको निकालना है तो पहले मुझे निकालिए. मैं तो सामने बैठकर भी नहीं समझा."

मॅनेजर साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी दोन्ही फोन उलटे करून ठेवले आणि विचारलं, "दीदी, तो कैसे लिखें?"

मी पदराकडे बघितलं. पण बिसाहू ट्रे धरून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "गाड़ी रुकी. पहले चक्के के नीचे लकड़ी. फिर ऊपर चढ़ो." काकाजींनी ते तसंच्या तसं उतरवलं, एक अक्षरही न बदलता. माझं सांगितलेलं तपासून त्यात चूक न निघालेली ती पहिली आणि शेवटची वेळ. सातवा नियम आजही फाटकाशी तसाच आहे. बिसाहूही आहे. चाकाखाली लाकूड ठेवताना तो मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणतो, "हव बाई, समझ गेंव!"

पुढचे तीन दिवस आम्ही बाकीचे कागद पुन्हा वाचले. स्टुलं आता दोन होती, एकावर मी आणि एकावर बिसाहू. मी "नाही समजलं" म्हणायला शिकले आणि मग, भूक लागल्यासारखं, म्हणतच सुटले. चांगले समजलेले नियमही मी दोनदा वाचायला लावले. इंजिनाच्या तेलाची तीन पानं अर्ध्या पानावर आली. काकाजी घाम पुसत म्हणत, "तुहं हव बरं होतं वो बाई," पण वाचत. रागावायचं आलं की खुर्चीचा हात घट्ट धरत आणि खिडकीबाहेर बघत. कोणी समजलं नाही म्हटलं, तर त्यांनी कधी आवाज चढवला नाही.

मग त्यांचे डोळे गेले. एकदम नाही. आधी सदरच्या मॅडमचं हिरवं नाव त्यांना दिसेनासं झालं, मग साहेबांचं निळं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, पण माझ्या लक्षात आलं, कारण ते आता पडदा फार वेळ पुसत, आणि वाचताना काही काही ओळी पाठ असल्यासारख्या म्हणत. त्यांच्या नागपूरच्या मुलीनं डोळ्यांचं ऑपरेशन करायचं ठरवलं, आणि नंतर त्यांना तिकडेच ठेवून घ्यायचं ठरवलं.

शेवटच्या दिवशी त्यांनी एक कागद स्वतः लिहिला. मला स्टुलावर बसवलं. हातात गोळा घेतला आणि पडद्याला नाक लावून वाचायला लागले. या वेळी मराठी होतं. 'मी आजपासून कामावरून मोकळा होत आहे. माझ्या टेबलाची किल्ली साहेबांकडे दिली आहे. गोळा बाईंकडे राहील. माझ्या बोलण्याचा कोणाला त्रास झाला असेल तर ते मी रागावून बोललो नव्हतो, आवाजच तसा आहे. तपासणी इथे संपली.' एवढंच होतं.

गोळा माझ्या हातात देऊन त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "समजलं?"

एकूण एक अक्षर समजलं होतं. पाण्याच्या टाकीच्या कागदानंतर पहिल्यांदा एखादा कागद मला एका वाचनात पुरता समजला होता.

मी म्हटलं, "नाही समजलं."

त्यांनी खुर्चीचा हात धरला. खिडकीबाहेर बघितलं. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं, जरा हळू. "आता?"

"नाही."

तिसऱ्यांदा वाचताना 'आवाजच तसा आहे' इथे त्यांचा आवाज तसा राहिला नाही. खाली मोटरसायकलवाला स्टेशनावर न्यायला हॉर्न वाजवत होता. काकाजींनी त्या कागदाखाली टाइप केलं, 'बाईंना ऐकवले. समजले नाही. पुन्हा ऐकवावे.' सही केली, पडदा पुसला आणि जिना उतरून गेले.

तो कागद अजून तसाच आहे. साहेबांच्या पडद्यावर जुन्या कामांच्या यादीत तो उघडा दिसतो, आणि त्यांना उघडं काही ठेवलेलं आवडत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी ते मला विचारतात, "दीदी, काका का वो कागज़ अब बंद कर दूँ?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघून सांगते, "नहीं साहेब. अभी समझा नहीं."